पुन्हा त्याच कुंपणापाशी

२०२५ सालच्या जून महिन्यात, सोळा वर्षांच्या खंडानंतर, आम्ही आयल ऑफ मॅनला परत गेलो. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधोमध, आयरिश समुद्रात असलेल्या या बेटावर मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी ‘टूरिस्ट ट्रॉफी’ नावाची मोटारसायकलींची शर्यत होते. तिला सारे टीटी म्हणतात. शर्यत हा शब्द खरे तर अपुरा आहे. आपण जिला जत्रा म्हणतो ती हीच. पंधरवडाभर गावाचे नेहमीचे व्यवहार बाजूला पडतात, घरोघरी पाहुणे उतरतात, चर्चच्या आवारात बायका चहा आणि केक विकतात, आणि एरवी ज्या रस्त्याने शाळेची बस जाते तोच रस्ता पालखीसाठी करावा तसा मोकळा केला जातो. शिक्षणानिमित्त मँचेस्टरला असताना २००७, २००८ आणि २००९ अशी ओळीने तीन वर्षे आम्ही ही वारी केली होती. पुढे पुण्याला परतलो आणि वारी चुकली. कुणी विचारले तर खर्च आणि व्हिसा अशी दोन कारणे आम्ही सांगत असू. ती खोटी नव्हती. पुरती खरीही नव्हती.

ज्या शर्यतीच्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत, तिच्याकडे प्रेक्षक म्हणून पुन्हा जावे की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. जावे, असे आमचे मत आहे. मात्र ज्या भाषेचा आडोसा घेऊन आम्ही पूर्वी जात होतो, आणि बहुतेक प्रेक्षक अजूनही जातात, ती भाषा टाकून जावे. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हे मांडण्याचे कारण असे की, तो आडोसा आम्हांला मुळात साहित्याच्या वर्गातच सापडला होता.

आधी ही शर्यत कशी असते ते सांगणे भाग आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वाहनांच्या वेगावर ताशी वीस मैलांची मर्यादा आली आणि तिथल्या सार्वजनिक रस्त्यांवर शर्यत घेणे अशक्य झाले. आयल ऑफ मॅनची संसद वेगळी, तिचे नाव टिनवाल्ड. तिने १९०४ साली रस्ते बंद करून शर्यती घेण्याची कायदेशीर सोय केली. पहिली टीटी १९०७ साली झाली, आणि १९११ पासून ती स्नेफेल डोंगराला वळसा घालणाऱ्या आजच्या मार्गावर येऊन पोहोचली. या मार्गाचा एक फेरा ३७.७३ मैलांचा, म्हणजे साठ किलोमीटरांहून थोडा अधिक. वळणे दोनशेहून जास्त. डग्लसमधल्या ग्लेनक्रचरी रोडवरून निघाले की घरांच्या दोन ओळींमधून ब्रे हिलचा उतार लागतो. मग दगडी बांध, शेतांची कुंपणे, चर्चची भिंत, दारूचे गुत्ते, बलाफचा कमानी पूल (तिथे दोन्ही चाके जमीन सोडतात), सल्बीचा सरळ रस्ता, रॅम्झी गाव, आणि तिथून वर धुक्यात जाणारा उघडा डोंगर. २०२३ साली पीटर हिकमनने हा फेरा ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने पुरा केला. एकशे छत्तीस मैल म्हणजे दोनशे एकोणीस किलोमीटर. आणि हा कमाल वेग नव्हे, पूल, गाव आणि डोंगर धरून काढलेली सरासरी आहे. रस्त्याच्या कडेला वाळूचे खड्डे नसतात, मोकळी जागा नसते. असतो तो कुणाच्या तरी अंगणाचा बांध, आणि बांधावर बसलेले आम्ही.

स्पर्धक दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात. प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. त्यामुळे तुमच्यासमोरून जो आधी गेला तोच पुढे आहे असे नाही. एका जागी बसलेल्या माणसाला दर सोळा-सतरा मिनिटांनी एकेक मोटारसायकल अर्धा-एक सेकंद दिसते. बाकी सारे रेडिओवर ऐकायचे. कुंपणालगत बसलेल्या प्रत्येकाच्या कानाला छोटा रेडिओ असतो, आणि रॅम्झीला कोण किती सेकंदांनी पुढे आहे हे निवेदक सांगतो तेव्हा सगळी रांग एकदम हुंकार देते. डोळ्यांना मिळतो तो एक क्षण. गोष्ट कळते ती दुसऱ्याच्या तोंडून. कीर्तनाला बसणाऱ्या समाजाला हे फार परके वाटू नये.

विशीत असताना आम्ही या अनुभवाला एक शास्त्रीय बैठक शोधून काढली होती. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ तेव्हा डोक्यात भिनलेले होते. संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तिन्ही बलाफच्या पुलावर जशाच्या तशा सापडतात, असे आम्ही मित्रांना ऐकवत असू. लांबून येणारा बारीक सूर, तो चढत चढत अंगावर येणे, पुलावर चाके सुटताच इंजिनाचा एकाएकी मोकळा झालेला चीत्कार, मग जमिनीवरचा आघात आणि खाली उतरत जाणारा स्वर. पुढची मोटारसायकल येईपर्यंत मेंढ्यांचे ओरडणे. शुद्ध संवेदना, शुद्ध रचना! त्यातल्या माणसाचे नाव-गाव, त्याचे बायकोमुलांचे घर हे सारे ‘लौकिक’, म्हणून बाजूला ठेवायचे. (२००९ साली याच मार्गावर विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली आणि ‘अग्नी’ असे अस्सल आपले नाव ल्यालेले यंत्र ताशी सत्त्याऐंशी मैलांच्या सरासरीने ती जिंकले. ते पुलावरून जवळजवळ मुकाट्याने गेले आणि आमच्या सौंदर्यशास्त्राची थोडी पंचाईत झाली. पण ते असो.) मर्ढेकरांचा यात काही दोष नाही, हे सांगायला नकोच. सिद्धान्त त्यांचा, सोय आमची.

या सोयीला पहिला तडा खरे तर पहिल्याच वर्षी जायला हवा होता. २००७ हे टीटीचे शताब्दी वर्ष. अखेरची ‘सीनियर’ शर्यत चालू होती. आम्ही बलाफला पुलाजवळच्या भिंतीवर होतो. जॉन मॅगिनेसने त्या दिवशी ताशी १३० मैलांच्या सरासरीचा पहिला फेरा नोंदवला. रेडिओवर आकडा जाहीर झाला तेव्हा आम्ही अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. त्याच शर्यतीत, आमच्यापासून नऊ-दहा मैल पुढे, सव्विसाव्या मैलापाशी एक स्पर्धक रस्ता सोडून गेला. तो ठार झाला आणि कडेला उभे असलेले दोन प्रेक्षकही ठार झाले. आम्हांला ते संध्याकाळी डग्लसच्या समुद्रकिनारी मासे आणि बटाटे खाताना कळले. क्षणभर सगळे गप्प झाले. मग कुणीतरी म्हणाले, तो त्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट करताना गेला. आम्ही मान हलवली. त्या दोन प्रेक्षकांचे काय, ते कोणती प्रिय गोष्ट करत होते, असे कुणी विचारले नाही. कारण ते आम्हीच होतो.

सोळा वर्षांत १३० हा आकडा आम्ही कधी विसरलो नाही. त्या तिघांपैकी एकाचेही नाव आम्हांला सांगता आले नसते. परत जाण्याचे ठरवले तेव्हा ही गोष्ट प्रथम जाणवली, आणि व्हिसा-खर्चाची कारणे सांगणारा माणूस सोळा वर्षे नेमके काय टाळत होता ते कळले.

भरताने अंकामध्ये मरण प्रत्यक्ष दाखवू नये, युद्ध, राज्यनाश वा नगराचा वेढा दाखवू नये, ते प्रवेशकातून कळवावे, असा दंडक घातला आहे. आपण तो शिकवताना औचित्य, रसभंग अशी कारणे देतो. टीटीची रचना नकळत हाच दंडक पाळते. लाखांतल्या एखाद्यालाच अपघात डोळ्यांनी दिसतो. बाकीच्यांना लाल बावटा दिसतो, मग हेलिकॉप्टरचा आवाज येतो, मग शांतता पसरते, आणि पुष्कळ वेळाने चार ओळींचे निवेदन येते. मरण येथेही प्रवेशकातूनच येते. फरक इतकाच की नाटकातला मेलेला माणूस पडद्यामागे चहा पीत असतो. रंगभूमीवर जे अंतर रसिकाच्या आस्वादासाठी निर्माण केले, तेच अंतर येथे आमच्या विस्मृतीच्या उपयोगी पडते. साधारणीकरणाने ‘हे माझेही नाही, परक्याचेही नाही’ अशी अवस्था यावी, असे अभिनवगुप्ताला अभिप्रेत होते. आम्ही त्यातला ‘माझे नाही’ एवढाच भाग उचलला.

२०२२ साली, करोनामुळे दोन वर्षे बंद राहिलेली शर्यत पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सहा स्पर्धक गेले. एका साइडकारवर बाप आणि मुलगा होते, दोघेही गेले. दुसऱ्या एका साइडकारवरच्या दोन फ्रेंच स्पर्धकांपैकी एक जागीच मरण पावला आणि दुसरा रुग्णालयात होता. पण कोण गेला आणि कोण वाचला याची ओळखच उलटी झाली होती, आणि ती काही दिवसांनी जाहीरपणे दुरुस्त करावी लागली. रुग्णालयातलाही पुढे ऑक्टोबरमध्ये गेला. हे सारे आम्ही पुण्यात बसून वाचले. एका घरात काही दिवस आशा होती आणि दुसऱ्या घरात शोक, आणि दोन्ही चुकीच्या पत्त्यावर. या घटनेपुढे ‘प्रिय गोष्ट करताना गेला’ हे वाक्य उच्चारून पाहावे. ते जिभेवर टिकत नाही.

तरीही शर्यत बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ही मागणी नवी नाही. १९७२ साली इटलीचा गिल्बेर्तो पार्लोत्ती येथे मारला गेला, तेव्हा त्याचा देशबांधव जाकोमो आगोस्तिनी याने येथे पुन्हा शर्यत न करण्याचा निर्णय घेतला. दहा वेळा येथे जिंकलेला माणूस तो. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून टीटी वगळली गेली. आता ती संपणार असे अनेकांना वाटले. १९७८ साली अकरा वर्षांनी माइक हेलवूड परतला, डुकाटीवर बसून जिंकला, आणि ती संपली नाही. याच हेलवूडचा १९८१ साली इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर, मोटारीच्या अपघातात, मुलीसह अंत झाला. टीटीचे समर्थक हे उदाहरण हटकून देतात: पाहा, मरण कोठेही येते. आम्हांला हा युक्तिवाद लबाडीचा वाटतो. मरण कोठेही येते हे खरे. पण इतर ठिकाणी आम्ही खुर्च्या टाकून बसत नाही.

बंदी नको असे म्हणण्याचे आमचे कारण वेगळे आहे. आपल्याकडच्या दहीहंडीशी ताडून पाहिले तर ते स्पष्ट होईल. थरांची उंची आणि गोविंदांचे वय यांवर २०१४ पासून न्यायालयांत वाद झाले. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. तेथे वर चढणारा पोरगा चाळीतला वा वस्तीतला असतो आणि खाली मंचावर बक्षिसाची रक्कम पुकारणारा दुसराच कोणी. कोण चढतो आणि कोणाचे नाव फलकावर लागते, यातच त्या खेळाचे राजकारण आहे. टीटीत पैसा नाही असे नव्हे, पण तिथले पुष्कळ स्पर्धक स्वतःच्या खिशातला पैसा घालून येतात. गाय मार्टिन ट्रक दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. जोई डनलॉप उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमनीचा, साधा, अबोल माणूस. शर्यती नसत तेव्हा गाडीत अन्न आणि कपडे भरून स्वतः चालवत रुमानियातल्या अनाथ मुलांपर्यंत नेत असे. त्याने येथे २६ शर्यती जिंकल्या, शेवटच्या तीन २००० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आणि त्याच वर्षी जुलैत एस्टोनियात शर्यतीतच तो गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ साली आयर्लंडमधल्या दुसऱ्या एका शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ साली तसाच गेला. रॉबर्टचा दुसरा मुलगा मायकल बाप गेल्यानंतर दोन दिवसांनी त्याच ठिकाणी शर्यतीला उभा राहिला आणि जिंकला. २०२४ साली त्याने काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. या घराण्याला ‘वेडे’ म्हणणे सोपे आहे आणि ‘शूर’ म्हणणेही. दोन्ही शब्द त्यांना आपल्यापासून दूर ढकलतात. प्रौढ माणसाने जाणूनबुजून घेतलेला निर्णय, इतकेच आम्हांला त्याविषयी म्हणता येते. तो निर्णय त्यांच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. आमच्या बघण्याचा निर्णय मात्र आमचा आहे, आणि त्याचा जाब त्यांनी द्यायचा नाही.

संस्कृत नाट्यचर्चेत प्रेक्षकाला ‘सामाजिक’ म्हणतात. हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. ‘समाज’ म्हणजे मुळात खेळ-तमाशासाठी जमलेला मेळावा. अशोकाने गिरनारच्या पहिल्याच लेखात अशा समाजांना मनाई केली, त्यांत पुष्कळ दोष दिसतात असे सांगितले, आणि लगेच काही समाज आपल्याला चांगले वाटतात अशी पुस्तीही जोडली. कोणते, ते त्याने तिथे सांगितले नाही. त्या पुस्तीत एक अडचणीत सापडलेला माणूस आम्हांला दिसतो. बहुधा त्यालाही कधीतरी कुंपणापाशी बसणे आवडले असावे.

आता २०२५ विषयी. हेशमहून बोटीने उतरलो. विमानतळाच्या बाजूला जाणाऱ्या बसने परी-पुलावरून गेलो, तेव्हा बसमधल्या सर्वांबरोबर आम्हीही पऱ्यांना नमस्कार केला; न करणाऱ्याचे बरे होत नाही असा तिथला समज आहे, आणि स्पर्धकही तो पाळतात. जागोजाग बेटाचे चिन्ह दिसत होते, चिलखत घातलेले तीन पाय. ‘कसेही फेका, उभेच राहील’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्याखाली असते. पूर्वी ते आम्हांला गमतीचे वाटे.

बलाफला आमची जुनी भिंत होती तशीच होती. जवळच नारिंगी जाकीट घातलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. मार्शल. हे सारे मार्शल बिनपगारी स्वयंसेवक असतात. ते पुरेसे जमले नाहीत तर शर्यत सुरूच होत नाही. दोन दिवस आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. मोटारसायकल पुलावरून गेली की आम्हां सर्वांच्या माना तिच्या मागे वळत. बाईंची मान वळत नसे. त्या पुलाकडेच पाहत राहत. तिसऱ्या-चौथ्या वेळी आम्ही विचारले, तुम्हांला पुढे काय होते ते पाहावेसे वाटत नाही का? त्या म्हणाल्या, “गेला तो पुढच्या माणसाचा. मी रस्त्यावर काय सांडले ते बघते. तेल, दगड, पक्षी. मागून येणाऱ्याला दहा सेकंद असतात.” किती वर्षे हे काम करता, असे विचारले. एकवीस. तेवढ्या वर्षांत पूर्ण शर्यत कधी पाहिली नाही, असे त्यांनी सांगितले. त्यात तक्रार नव्हती.

आम्हीही मग मान न वळवण्याचा प्रयत्न करून पाहिला. फार कठीण आहे. आवाज दूर जातो तिकडे शरीरच ओढले जाते. पण दहापैकी तीन-चार वेळा जमले, आणि तेव्हा रिकामा रस्ता दिसला: डांबरावरचा चाकांचा काळा ठसा, पुलाच्या कठड्याला घासून गेलेला रंग, एक पान. मर्ढेकरी लयीत या रिकाम्या रस्त्याला कधी जागाच मिळाली नव्हती.

शनिवारी, ७ जूनला, सीनियर शर्यत होती. मुख्य म्हणजे आम्ही जिच्यासाठी आलो ती. डोंगरावर वारा फार होता. वेळ पुढे ढकलली गेली. लोक रेडिओ कानाला लावून बसले, थर्मासमधला चहा संपला, कुणी पत्ते काढले. अखेर शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. २०१२ नंतर प्रथमच हवामानामुळे सीनियर रद्द झाली होती. एवढ्या लांबून आलेला माणूस म्हणून शेजारच्या दोघा-तिघांनी आमचे सांत्वन केले. वाईट वाटले हे नाकारणार नाही. भरपूर वाईट वाटले. बाई दोर गुंडाळत होत्या. आम्ही दुसरे टोक धरले. मार्शल होण्यासाठी काय लागते, हे विचारले. प्रशिक्षण असते, बाहेरच्या देशांतूनही लोक येतात, अर्ज भरा, म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीच्या पलीकडच्या एका बाकाकडे बोट दाखवले. त्यावर पितळी पट्टीत एक नाव आणि दोन साले होती. २००७ पासून आम्ही त्या बाकावर डबे ठेवत आलो होतो. या वेळी वाकून नाव वाचले, वहीत लिहून घेतले, आणि रस्ता खुला झाल्यावर आलेल्या पहिल्या बसने डग्लसला गेलो.